वेशीतून की ओढ्यानं

किसन गेल्यापासून आम्हाला एक सवय लागलीय. शिरूरच्या बाजारपेठेत रफिकचं सायकलचं दुकान आहे. तिथं आमच्या संघातले तिघं-चौघं जमले की रफिक ट्यूब पाण्यात बुडवेपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "आन् ते रं, त्या दिवशीचं?" झालं, सुरू. गंमत अशी की किसनच्या जिवंतपणीचे किस्से कुणी काढत नाही. त्याच्या चढाया सगळ्यांना पाठ आहेत, त्यात सांगायचं काय? निघतात ते तो मेल्यानंतरच्या एका दिवसाचे. त्यात किसन एकदाही बोलत नाही, बाकी सगळे बोलतात. एवढी शहाणी माणसं एवढं बोलताना आम्ही एका दिवसात कधी ऐकली नव्हती, म्हणून साठले असतील.

किसन ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं गाव न्हावऱ्याच्या पुढं, घोड नदीच्या काठाला. तिथल्या बौद्धवस्तीतला किसन. कागदावर बौद्धवस्ती, म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून महारवाडाच. कबड्डीत तो महाराष्ट्राकडून खेळला, त्या जोरावर दौंडला रेल्वेत लागला, पण सुट्टी मिळाली की आमच्याच संघातून उतरायचा. तो चढाईला गेला की समोरचे सातही जण मागच्या रेषेला जाऊन चिकटायचे. गावात ज्यांच्या ओट्याला त्याचा हात लागलेला चालत नव्हता, तीच माणसं मैदानात तो कुणाला शिवून आला की उभं राहून टाळ्या वाजवायची.

आणि मी? मी तात्यांचा धाकटा. कॉलेजात एकाच परीक्षेला दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बसायला गेलो नाही. तात्या म्हणतात, पोरगं वाया गेलं. मी तात्यांबद्दल काय म्हणतो ते पुढं येईलच.

* * *

बातमी आणली ती दौंडहून सकाळी आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं. त्या दिवशी संध्याकाळी शिरूरच्या सामन्यांची फायनल होती. किसन आदल्या रात्रीच येणार होता, आला नव्हता. म्हणून आम्ही सकाळपासून रफिकच्या दुकानात वाट बघत बसलो होतो.

कंडक्टर आला, उभ्या उभ्याच म्हणाला, "किसन गेला. चौफुल्याच्या अलीकडं. काल दिवेलागणीला."

रफिकचा हात पाण्यातच राहिला. दुकानाच्या फळीवर एक रिटायर झालेले गुरुजी रोज पेपर वाचायला येतात. त्यांनी पेपर पुढून मागून उलटला.

"पेपरात नाही," गुरुजी म्हणाले.

"गुर्जी, पेपर पुन्यात छापत्यात. ह्यो चौफुल्याला गेला."

"रेडिओवरही नाही. सकाळच्या बातम्या मी पूर्ण ऐकल्या."

"म्या सोता बघितलं त्याला. तोंडावरची चादर बाजूला करून."

गुरुजींनी पेपराची नीट घडी घातली. "असेल. पण अजून अधिकृत नाही," म्हणाले आणि घरी गेले. मेलेल्या माणसाच्या तोंडावरची चादर काढलेली त्यांना पुरेना.

तेवढ्यात सामन्यांचे सेक्रेटरी धापा टाकत आले. त्यांचा चेहरा बघून आम्हाला वाटलं, हा माणूस आता रडणार. किसनला त्यांनीच पहिल्यांदा शिरूरच्या मैदानावर आणला होता. ते फळीवर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "मग आजच्या फायनलचं काय करायचं?"

रफिक आमचा कॅप्टन. त्यानं हात पाण्यातून काढला, पँटीला पुसला.

"किसनला इचारून सांगतो," म्हणाला.

* * *

बबनचा मालट्रक घेऊन आम्ही दौंडला निघालो. बबन संघात नव्हता, पण आमच्या प्रत्येक मॅचला ट्रक घेऊन यायचा, पोरांना फुकट न्यायचा. चौफुल्याच्या अलीकडं त्यानं ट्रक आपोआप हळू केला.

उसानं भरलेली ट्रॉली तिथंच होती. चाक फुटलं म्हणून रस्त्यातच उभी करून ठेवलेली. चाकांखाली दगड मात्र चारी बाजूंनी व्यवस्थित लावले होते. ट्रॉली घरंगळू नये याची आठवण कुणालातरी राहिली होती, मागं एक कंदील टांगायची राहिली नव्हती. किसन मित्राची फटफटी घेऊन अंधारात आला आणि सरळ त्या उसात घुसला.

समोर चहाचं हॉटेल. आत पाच-सात पागोटी आणि टोप्या. बातमी त्यांच्याकडं आमच्या आधी शिजून तयार होती.

"तरन्या पोरांच्या हातात फटफटी द्यूच नये."

"लई जोरात हुता म्हनं."

"प्यालेला आसंल. पैसा हातात आला की प्येत्यात ही."

किसननं उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. चढाईला दम लागतो, दारूनं दम जातो, हे तो लहान पोरांना मैदानावर सांगायचा. मी म्हणालो, "ट्रॉली कुणाची आहे?"

सगळ्यांनी आपापल्या बशीत बघितलं. ज्या गावात कुणाच्या म्हशीला कधी रेडकू झालं हे सगळ्यांना माहीत असतं, तिथं भरलेली ट्रॉली कुणाची ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग कोपऱ्यातले एक आबा हळहळले. खरंच हळहळले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, "वाईट झालं बाबा. पोलिसांचा पंचनामा हुईस्तवर समदा ऊस वाळून जानार."

* * *

दौंड स्टेशनच्या बाहेर जो तो आम्हाला हेच सांगत होता की किसनचा शेवटचा चहा आपल्यासोबत झाला. पानवाला म्हणाला, काल चार वाजता माझ्याकडं. हमाल म्हणाला, नाही, साडेचारला आमच्यासोबत, अर्धा माझ्या कपातला दिला मी त्याला. न्हाव्याच्या दुकानातला म्हणाला, मीच बोललो, किसनभाऊ, एक कप घेऊनच जा, कोण जाणे परत कधी भेट होते. आणि रडायला लागला.

बबन सगळ्यांचं ऐकून घेत होता. शेवटी ट्रकमध्ये चढताना मला म्हणाला, "त्यो तर च्या प्येतच नव्हता."

* * *

दवाखान्याच्या आवारात किसनची आई भिंतीला टेकून बसली होती. शेवंतामावशी. वस्तीतल्या बायकांनी तिला सकाळीच आणली होती. किसनचा बाप तो लहान असतानाच गेला. त्याच्या मागं दुसरं भावंड नाही. मावशीचं रडून झालं होतं. ती समोरच्या बंद दाराकडं बघत होती, त्या दाराआड किसन होता.

रेल्वेचे एक मोठे साहेब हार घेऊन आले. भला माणूस. मावशीसमोर चक्क खाली उकिडवे बसले, पँट मळेल याचा विचार केला नाही.

"आई, किसन आमचाही मुलगा होता. तुम्हाला काय हवं असेल ते मोकळेपणानं सांगा. रेल्वे तुमच्या पाठीशी आहे."

आजूबाजूचे सगळे पुढं वाकले. एक नातेवाईक मावशीच्या कानाशी लागला, "घर माग, घर. क्वार्टर." दुसरा म्हणाला, "आधी पेन्शनचं बोल, शेवंते."

मावशीनं दारावरची नजर काढली नाही. म्हणाली, "मला त्याला येशीतनं न्यायचाय."

साहेबांना काही कळेना. ते माझ्याकडं बघायला लागले, तेव्हा मी सांगितलं. आमच्या गावाला दगडी वेस आहे. वेशीतून आत आलं की मोठी आळी, पुढं मारुतीचा चौक, चौकातून खाली नदी आणि नदीवर स्मशान. गावकीतलं माणूस मेलं की याच रस्त्यानं जातं. वस्ती वेशीच्या बाहेर. वस्तीतलं माणूस मेलं की त्याला गावाच्या पाठीमागून, ओढ्याच्या काट्याकुट्यातून नदीवर नेतात, तिथं त्यांची जागा वेगळी. गेल्या साली किसन राज्याची ढाल जिंकून आला तेव्हा गावानं त्याला गुलाल उधळत वेशीतून मारुतीपर्यंत मिरवला होता. मावशीचं म्हणणं एवढंच की आजही त्याच वाटेनं न्यायचं.

साहेब उठून उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे रेल्वेच्या हद्दीत येत नाही."

त्या दिवसभरात खरं बोललेला मोठा माणूस तो एकच.

* * *

दौंडहून किसनला ट्रकमध्ये घेऊन निघालो. मावशी त्याच्या उशाला, आम्ही कडेनं. पुढं सामन्यांच्या कमिटीची जीप.

वाटेतल्या एका गावात शाळेची पोरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हात उभी केली होती. हेडमास्तरांनी जीप थांबवली, हार घातला. पोरं बिचारी कधीची उभी होती, घामाघूम. गेल्या वर्षी याच रस्त्यानं किसनची मिरवणूक गेली होती तेव्हा हेडमास्तरांनी त्यांना अशीच उभी केली होती आणि तासभर तालीम घेतली होती. आता ट्रक पुढं सरकला आणि पहिल्या रांगेतल्या एका बारक्यानं टाळ्या वाजवल्या. मग दुसऱ्यानं. मग सगळ्या शाळेनंच कडकडाट केला. किसन आला की टाळ्या वाजवायच्या, एवढंच त्यांना माहीत.

हेडमास्तर छडी घेऊन धावले. "गाढवांनो, बंद करा, मेलाय तो!"

पोरांचे हात हवेतच राहिले. ट्रकमध्ये मावशी उठून उभी राहिली, फळीला धरून. "मारू नगा वो," म्हणाली. "त्यास्नी कुनी सांगितलं न्हवतं."

* * *

न्हावऱ्याच्या पुढं आमच्या गावाचा फाटा लागतो. फाट्यावरून वळलं की गाव हाकेवर. कमिटीची जीप वळली नाही, सरळ शिरूरकडं गेली. बबननं फाट्याच्या थोडं पुढं जाऊन ट्रक थांबवला.

जीप परत मागं आली. आतून सेक्रेटरी म्हणाले, "आधी शिरूर. मैदानावर अंत्यदर्शन ठेवलंय. साहेब येणारेत."

साहेब म्हणजे तालुक्याचे एक पुढारी.

"गाव इथं आहे," मी म्हणालो. "परत उलटं यायला लागेल. ऊन बघा. बॉडीचं तरी बघा."

"अरे, बर्फ ठेवलाय की! लोकांच्या भावना आहेत."

मावशीला वाटलं ड्रायव्हर रस्ता चुकला. ती मागून काचेवर टकटक करून बबनला सांगत होती, "बाबा, फाटा मागं ऱ्हायला. आरं, गाव मागं ऱ्हायलं." बबन स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसला होता. शेवटी जीपनं हॉर्न दिला आणि त्यानं गिअर टाकला. मावशी शिरूर येईपर्यंत मागंच बघत होती.

* * *

शिरूरच्या मैदानावर स्टेज होतं, माईक होता, तोरणंही होती. ती फायनलसाठी आधीच बांधलेली, काढायला वेळ मिळाला नाही म्हणे. मैदानाच्या कडेला किसनला ठेवला, बर्फाच्या लाद्यांवर. पाणी वाहून पार मधल्या रेषेपर्यंत गेलं.

फोटोची पंचाईत झाली. हार घालायला फोटो पाहिजे, आणि किसनचा एकट्याचा फोटोच नव्हता. एवढा मोठा खेळाडू, पण त्याला एकट्याला कुणी उभं करून काढलाच नव्हता. मग संघाच्या फोटोतून त्याला कापून मोठा केला. त्यात त्याच्या डाव्या खांद्यावर एक हात आहे, मनगटापासून कापलेला. हात माझा. ढाल जिंकली त्या दिवशी ठेवलेला.

मी फोटोग्राफरला म्हणालो, "तेवढा हात काढ ना."

तो म्हणाला, "हात काढला तर खांदा जातो."

मग भाषणं. पुढारी उठले, आवाज भरून आलेला. "आज या मातीतला एक थोर मल्ल हरपला. त्याचे डाव, त्याचे पेच..."

सेक्रेटरींनी शर्टाची बाही ओढली. "साहेब, कबड्डी. कबड्डी."

पुढाऱ्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही. "...आणि कबड्डीतही भल्याभल्या मल्लांना त्यानं अस्मान दाखवलं!"

दोन मिनिटं शांतता पाळायची ठरली. घड्याळ कुणाचं बघायचं यावरून स्टेजवर कुजबुज सुरू झाली ती शांतता संपेपर्यंत चालली. मावशी किसनच्या पायांपाशी बसली होती. पुढारी खाली उतरून तिच्याजवळ गेले आणि माईकवाल्याला जवळ बोलावून मग म्हणाले, "आई, सांगा. काय करू तुमच्यासाठी?"

"येशीतनं न्यायचाय त्याला," मावशी म्हणाली. मैदानभर ऐकू गेलं.

पुढाऱ्यांना वेस कुठली ते लगेच समजलं. ते तालुक्यातलेच, आमच्या गावची मतं त्यांना पाठ. माईकवर हात ठेवून ते म्हणाले, "ते गावपातळीवर बघा. सामोपचारानं." आणि जीपमध्ये बसून दुसऱ्या कार्यक्रमाला गेले.

ते जाताच सेक्रेटरी रफिककडं आले. लोक लांबून लांबून आलेत, किसनच्या आत्म्याच्या शांतीसाठी फायनल होऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. "तुमच्याकडं बदली खेळाडू आहे की."

रफिकनं बूट काढले आणि किसनच्या शेजारी ओल्या मातीत मांडी घालून बसला. आम्हीही बसलो. थोड्या वेळानं समोरचा संघ ड्रेस घालून आला, आमच्याकडं बघितलं, आणि मधल्या रेषेच्या पलीकडं तेही खाली बसले. सेक्रेटरींनी बराच वेळ शिट्टी वाजवली.

* * *

रफिकनं मला पुढं पाठवलं. "तू गावातला हायस, तात्यांचा पोरगा हायस. आम्ही किसनला घेऊन येतोच, तवर तू बोलून ठेव." एकाच्या फटफटीवर मागं बसून मी गावात आलो.

चावडीत सगळे जमलेलेच होते. मधोमध सरपंच आप्पा, शेजारी आमचे तात्या. आप्पांचे डोळे लाल झालेले. खरंच रडले होते, खोटं कशाला सांगू. या माणसांचं रडणं खोटं असतं तर निदान सोपं गेलं असतं.

"गावचं नाक गेलं रं," आप्पा म्हणाले.

"शाळंच्या मैदानाला त्याचं नाव द्या," एक जण.

"दर सालाला सामने भरवू. त्याच्या नावानं."

"चावडीत फोटू लावू की. मोठ्ठा."

तात्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. वेशीबाहेर मळ्यातल्या आमच्या घरी किसन किती वेळा आला असेल, दर वेळी अंगणातल्या लिंबाखाली बसून गेला. त्याचा पितळी पेला वेगळा, गोठ्याच्या वळचणीला खोचलेला. तात्या म्हणाले, "काय सांगू आप्पा. माझ्या पोटच्या पोरापरीस जवळचा हुता मला त्यो."

मी समोरच उभा होतो.

मग मी मावशीचं सांगितलं. चावडीत एकदम सगळ्यांना खोकला आला. कुणी चंची सोडली, कुणी सुपारी शोधायला लागला.

"आसं आजपातुर झालेलं न्हाई," आप्पा म्हणाले.

"म्हंजी आमाला काय न्हाई बाबा. पन देव हाय तिथं."

"आपली मढी जातात की त्याच देवासमोरून," मी म्हणालो.

"ती आपली," तात्या म्हणाले. "आन् तू गप ऱ्हा. चार बुकं पुरी शिकला न्हाई आन् गावाला शिकवतूय."

मग तात्यांनाच सुचलं. चेहरा उजळला त्यांचा. "आप्पा, आपन आसं करू. येशीवर त्याच्या नावाची कमान बांधू. दगडी. मोठ्या अक्षरात नाव कोरू. येनारा-जानारा वाचंल."

सगळ्यांना पटलं. आप्पांच्या जिवावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं. "ह्ये बेस झालं. शेवंताचं बी समाधान."

मी विचारलं, "म्हणजे नाव वेशीवर. आणि किसन?"

"किसन वढ्यानं," तात्या म्हणाले, अगदी सहज, कुणी रस्ता विचारला तर सांगावं तसं.

* * *

दिवस मावळायला ट्रक वेशीसमोर येऊन उभा राहिला. अख्खं गाव वेशीत उभं होतं, हार घेऊन. वस्ती बाहेरच्या चिंचेखाली. आप्पांनी ट्रकमध्ये चढून किसनला हार घातला, पायांना हात लावायला वाकले, मध्येच थांबले आणि नुसता नमस्कार केला. खाली उतरून बबनला म्हणाले, "वढ्याच्या अंगानं घे. येस ठेंगणी हाय, ट्रक बसायचा न्हाई."

"ट्रक कशाला, आमी नेतो की," रफिक म्हणाला. आम्ही चौघांनी किसनला खाली उतरवला, तिरडी खांद्यावर घेतली. पुढं डावीकडं रफिक, उजवीकडं मी. वेशीत माणसं उभीच होती. कुणी बाजूला झालं नाही. कुणी अडवलंही नाही. नुसते उभे.

मावशी आमच्या पुढं आली, आप्पांसमोर. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आप्पा, वाट द्या."

"शेवंता, तुजं दुक आमाला कळतंय. पन ह्या वाटंनं तुमच्यातलं कुनी गेलेलं न्हाई."

"गेल्या साली ह्योच गेला की. तुमीच फुडं हुता. तुमच्याच फेट्यावर गुलाल हुता."

तात्या पुढं झाले. "आगं, तवाचं येगळं. तवा त्यो पोरांच्या खांद्यावर हुता. मारुतीपातुर खांद्यावरच न्हेला आन् खांद्यावरच माघारी आनला. त्याचं पाय कुटं लागलं भुईला?"

मी तात्यांकडं बघत राहिलो. त्या दिवशी मिरवणुकीत किसन माझ्याच खांद्यावर होता. माझी पाठ भरून आली होती, त्याला चौकात उतरवायला लागलो तर आप्पा ओरडले होते, "उतरवू नगा रं त्येला, राजा हाय आपला!" बाकीचा संघ पायऱ्या चढून मारुतीला ढाल ठेवून आला. मी राजाला घेऊन खालीच उभा होतो. मला तो मान वाटला होता. किसनला काय वाटलं होतं, त्यानं कधी सांगितलं नाही.

मावशीला मात्र तेव्हाच कळलं असावं. तिला तात्यांच्या बोलण्याचं काहीच नवल वाटलं नाही. तिनं मागं वळून एकदा तिरडीकडं बघितलं.

"मग आता तरी कुटं लागत्यात?" म्हणाली.

आप्पांनी तात्यांकडं बघितलं, तात्यांनी जमिनीकडं. किसनचं वजन खांद्यात उतरायला लागलं होतं.

"बरं," शेवटी आप्पा म्हणाले. "न्या. पन येक. गावात इसावा द्यायचा न्हाई. नदी येईस्तवर तिरडी खाली टेकवायची न्हाई. हाय कबूल?"

विसावा सगळेच देतात. अर्ध्या वाटेवर तिरडी खाली ठेवायची, खांदे बदलायचे, मग पुढं जायचं. गावकीतल्या माणसांचा विसावा मारुतीच्या चौकातच असतो, पाराच्या समोर.

"न्या म्हनला नव्हं," मावशी म्हणाली आणि चालायला लागली.

माणसं बाजूला झाली. आम्ही वेशीतून आत आलो. मागून वस्ती आली. आधी बिचकत, मग सगळीच. आळीतल्या बायका दारांतून आत सरकत होत्या. दारं लावत नव्हत्या, नुसत्या आत सरकत होत्या. वस्तीतलं कुणी रडत नव्हतं. आप्पा आणि तात्या आमच्या दोन्ही अंगांनी चालत होते, नजर तिरडीच्या खाली. माझा खांदा सोलून निघाला होता. रफिक एकदा ठेचकाळला तर तात्यांनी झटकन हात पुढं केला, तिरडी खाली जाऊ नये म्हणून. लागला नाही हात, पण केला.

चौक आला. मारुतीसमोर कुणीतरी नुकताच दिवा लावला होता. मावशी पुढं चालत होती ती पारापाशी थांबली. आम्हीही थांबलो.

"ठेवा," मावशी म्हणाली.

"शेवंता," आप्पा म्हणाले, "काय ठरलं हुतं?"

मावशीनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. खाली वाकून तिनं पदरानं चौकातली माती झाडली, तिरडीएवढी जागा साफ केली आणि आमच्याकडं वर बघितलं.

"ठेवा रं पोरांनो. सकाळधरनं हिंडतूय. लई दमला आसंल त्यो."

आम्ही ठेवला.